करंगळीतली लोखंडी अंगठी: गवंड्यांच्या लॉजपासून इंजिनियरच्या हातापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. एका श्रोत्याचा प्रश्न होता: फ्रीमेसन लोकांचे अ‍ॅप्रन, गळ्यातले पट्टे, अंगठ्या हा नक्की काय प्रकार आहे? यूट्यूबवर शोधलं तर थेट जगावर राज्य करणाऱ्या गुप्त टोळ्याच बाहेर येतात. पण खरी गोष्ट बरीच साधी आहे, आणि मला तरी जास्त इंटरेस्टिंग वाटते.

मेसन म्हणजे गवंडी. या संघटनेने आपली सगळी चिन्हं दगडकामातून उचलली. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात, सरळ. कंपास म्हणजे आपल्या इच्छांभोवती आखलेली मर्यादा. लॉजच्या पदाधिकाऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याला जे लटकतं, तेही हेच. प्रमुखाकडे गुण्या, त्याच्या खालच्या दोघांकडे लेव्हल आणि ओळंबा. खजिनदाराला किल्ली, सेक्रेटरीला दोन पिसांच्या लेखण्या. थोडक्यात, प्रत्येकाच्या गळ्यात त्याचं जॉब डिस्क्रिप्शन! अ‍ॅप्रनचंही तसंच. नव्या माणसाला मिळतो तो कोरा पांढरा. इंग्लिश पद्धतीत पुढच्या पायरीवर त्याला दोन निळी फुलं लागतात, तिसऱ्या पायरीवर तिसरं फूल आणि निळी किनार.

आता अंगठी. गंमत म्हणजे, पहिल्या दीक्षेच्या वेळी उमेदवाराच्या अंगावरचं धातूचं आणि मौल्यवान सगळं काढून ठेवतात. आत येताना श्रीमंत-गरीब सारखेच. अंगठी खूप पुढे येते. अमेरिकेतल्या 'स्कॉटिश राइट' शाखेत चौदाव्या पायरीची एक साधी सपाट अंगठी असते, तिच्यावर त्रिकोण आणि त्यात एक हिब्रू अक्षर. आतल्या बाजूच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा की सद्गुणाने जे जोडलं, ते मृत्यूही तोडणार नाही.

इथपर्यंत ही क्लबची गोष्ट झाली. पण याच परंपरेचा एक धागा माझ्या धंद्यापर्यंत येतो, आणि तो जातो आपल्या मुंबईत 1865 साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगमधून. किपलिंग 1886 मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये फ्रीमेसन झाला. पुढे 1922 मध्ये टोरोंटोच्या हॉल्टेन नावाच्या प्राध्यापकांनी कल्पना मांडली की डॉक्टरांसारखी इंजिनियरनाही काहीतरी शपथ हवी. त्यांनी किपलिंगला पत्र लिहिलं आणि त्याने अख्खा विधी लिहून दिला. बंद दाराआड समारंभ, शपथ, व्यवस्था बघायला सात 'वॉर्डन'. लॉजची आठवण यावी असाच सगळा थाट. पहिला समारंभ 1925 मध्ये माँट्रियलला झाला. कॅनडात इंजिनियर होणारी मुलं आजही हा विधी करतात आणि एक अंगठी घालतात.

ही अंगठी मुद्दाम साधी ठेवलीय. सोनं नाही, तर लोखंड. हल्ली बहुधा स्टेनलेस स्टील. कडा खडबडीत, ठोकल्यासारख्या. घालायची ती काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत. का? तर ड्रॉइंग काढताना, सही करताना ती कागदाला घासते. आपल्याकडे पूजेला बसताना बोटात दर्भाचं पवित्रक घालतात ना, तसंच काहीसं. फरक इतकाच, की पूजा संपली की पवित्रक उतरतं, ही अंगठी उतरत नाही. वर्षं जातात तशा तिच्या कडा गुळगुळीत होतात, अनुभवाने माणूस होतो तशा.

या अंगठीबद्दल एक दंतकथा आहे, की पहिल्या अंगठ्या क्यूबेकच्या कोसळलेल्या पुलाच्या लोखंडातून बनवल्या. ते खरं नाही. पण तो पूल खरा आहे. डिझाइनमध्ये मधला गाळा 1600 फुटांवरून 1800 फूट केला, पण वाढलेल्या वजनाचा हिशोब नीट परत केला नाही. साइटवर खालचे लोखंडी भाग वाकताना दिसत होते. साइटवरचा इंजिनियर न्यूयॉर्कला सल्लागाराकडे गेला. 'आणखी वजन टाकू नका' अशी तार सुटली, पण काम वेळेत थांबलं नाही. 29 ऑगस्ट 1907 च्या संध्याकाळी पूल पडला आणि 75 कामगार गेले. त्यात मोहॉक समाजाचे सुमारे 33 जण होते.

हे वाचताना मला अंगावर काटा येतो, कारण ही स्टोरी ओळखीची आहे. रिक्वायरमेंट बदलली, जुना हिशोब तसाच राहिला, कुणीतरी वॉर्निंग दिली, पण रिलीजची तारीख ठरली होती. सॉफ्टवेअरमध्ये आपण 'अप्रूव्ह'चं बटण दाबतो तेव्हा बोटाला काहीच घासत नाही. माझ्या बी.टेक.बरोबर मला सर्टिफिकेट मिळालं आणि दोन तासांसाठी भाड्याचा काळा झगा. तो परत केला की विषय संपला.

अंगठी घातली म्हणून कुणी चांगला इंजिनियर होत नाही. ती लायसन्सही नाही. पण हे काम कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं, याची आठवण रोज हातावर असणं मला फायद्याचं वाटतं. म्हणून मी माझ्या मॉनिटरच्या कडेला एक साधी चिठ्ठी चिकटवलीय: 'हे बंद पडलं तर कोण अडकेल?' रिव्ह्यू करताना आधी ती वाचतो, मगच बटण.

तुमच्या कामात अशी एखादी खूण आहे का? नर्स, इलेक्ट्रिशियन, सीए, कुणीही असा, व्हॉइस नोट नक्की पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. तोवर, ऐकत राहा!