पोटावरची पिशवी सारखी गळतेय? चिकटपट्टी लावण्याआधी भोक मोजा

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ निघाली, टाके सुकले, डिस्चार्ज मिळाला. पण घरी आल्यावर माणूस लग्नकार्याला जायचं टाळतो, एसटीत बसायला घाबरतो आणि बाहेर पडायचं असेल तर सकाळपासून जेवतही नाही. कारण पोटावरची पिशवी कधी गळेल याचा नेम नसतो.

विषय शौचाचा असल्यामुळे बोलायची चोरी. मग पिशवीच्या कडेनं चिकटपट्टी लावायची आणि दिवस ढकलायचा. नेमकी इथेच चूक होते.

स्टोमा म्हणजे काय?

स्टोमा हा ग्रीक शब्द. अर्थ आहे तोंड. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर, अल्सरेटिव्ह कोलायटिस, अपघातात फाटलेलं आतडं, जन्मतः गुदद्वार नसलेलं बाळ अशा वेळी सर्जन आतड्याचं टोक पोटावर आणून त्वचेला शिवतात. मल तिथून बाहेर येतो आणि पिशवीत जमा होतो. मोठं आतडं बाहेर काढलं तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला तर इलिओस्टोमी. लघवीसाठी असा मार्ग केला तर युरोस्टोमी. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो, काहींचा कायमचा असतो.

निरोगी स्टोमा लालसर आणि ओलसर दिसतो, अगदी गालाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण वेदना कळवणाऱ्या तशा नसा तिथे नसतात. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तरी घाबरू नका. ब्रश करताना हिरड्यांतून येतं, तसंच ते.

मग दुखतं काय?

दुखते ती आजूबाजूची त्वचा. स्टोमाच्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार हीच.

इलिओस्टोमीतून येणारा मल पेजेसारखा पातळ असतो आणि त्यात अन्न पचवणारे रस असतात. त्या रसांना पोळी आणि त्वचा यातला फरक कळत नाही. पिशवीची चिकटणारी चकती, जिला हॉस्पिटलमध्ये फ्लँज म्हणतात, तिच्याखाली हा द्रव शिरला की त्वचा सोलवटते. सोलवटलेली त्वचा ओली राहते. ओल्या त्वचेवर चकती चिकटत नाही. म्हणजे पुन्हा गळती, पुन्हा जखम.

आता वरून चिकटपट्टी लावली तर काय होईल? गळती दिसायची थांबेल, पण द्रव आतच कोंडून त्वचा आणखी भाजेल. म्हणून नर्स सांगतात, गळतेय असं वाटलं तर पट्टी लावू नका, चकती बदला.

भोक का मोजायचं?

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढच्या साधारण 6 ते 8 आठवड्यांत तो आक्रसतो. पण घरी मात्र डिस्चार्जच्या दिवशी ठरलेल्या मापानंच चकती कापली जाते. भोक मोठं, स्टोमा लहान, मधली त्वचा उघडी.

त्यामुळे सुरुवातीचे दोन महिने दर आठवड्याला माप घ्या. भोक स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटरच मोठं असावं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनानं चकती ओढली जाते. त्वचा कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा. खोबरेल तेल, क्रीम, जंतुनाशक यातलं काहीही लावू नका. तेलकट त्वचेवर चकती टिकत नाही. त्वचा ओलसर झाली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवून जास्तीची झटकून टाका.

माप बरोबर असूनही गळत असेल, तर स्टोमा आत ओढला गेलाय का किंवा बाजूला घडी पडतेय का हे नर्सकडून तपासून घ्या. अशांसाठी त्वचेकडच्या बाजूनं फुगीर चकती मिळते.

टाक्यांची जखम शेजारीच असेल तर?

काहींची पोटावरची जखम उसवते, काहींचा स्टोमा एका बाजूनं त्वचेपासून सुटतो. तेव्हा पहिलं काम असतं मल जखमेपासून लांब ठेवण्याचं. सुटलेली खाच द्रव शोषणाऱ्या ड्रेसिंगनं भरून वरून चकती बसवतात. मोठ्या जखमेला कधी कधी स्पंज लावून यंत्रानं द्रव ओढून घेतात. हे हॉस्पिटलचं काम आहे, घरी प्रयोग करू नका.

या शास्त्राचं आपल्या जंगलाशी नातं

1954 मध्ये डेन्मार्कच्या एलिसे सोरेनसेन या नर्सची बहीण स्टोमाचं ऑपरेशन झाल्यावर घराबाहेर पडेना. तिच्यासाठी एलिसेनं चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल सोलवटलेल्या त्वचेवर कराया डिंक वापरू लागले. हा डिंक म्हणजे आपल्या कोरड्या जंगलांत, पांढऱ्या खोडामुळे रात्री भुतासारखं दिसणाऱ्या कांडोळ झाडाचा. तो ओल्या त्वचेलाही धरून राहायचा.

1958 मध्ये टर्नबुल यांनी आपल्याच एका जुन्या पेशंटला, नॉर्मा गिल यांना, कामावर घेतलं. त्या नर्स नव्हत्या, पण स्वतः इलिओस्टोमी घेऊन जगत होत्या. 1961 मध्ये तिथेच अशा प्रशिक्षणाची शाळा सुरू झाली. आज मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्येही नर्सना हे प्रशिक्षण मिळतं.

धावत कधी जायचं?

स्टोमा जांभळा, काळा किंवा फिकट पडला. मल आणि वायू काही तास पूर्ण बंद होऊन पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. रक्त दाबूनही थांबत नाही. स्टोमा अचानक खूप बाहेर आला. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

इलिओस्टोमीवाल्यांसाठी आणखी एक. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव जायला लागला, लघवी कमी झाली, चक्कर आली, तर डॉक्टरांना लगेच कळवा. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहिल्यानं शरीरातलं मीठ आणखी कमी होतं. ओआरएस लागतं, किती ते डॉक्टर सांगतील.

घरात, शेजारी असं कुणी असेल आणि ते हल्ली बाहेर पडत नसतील, तर "पिशवी गळते का?" असं सरळ विचारा. ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलमध्ये स्टोमा नर्स आहे का, याची चौकशी करा. आणि पुढची चकती कापण्याआधी पट्टी घेऊन एकदा मोजा.