डगमगत्या चेंडूवरचा तोल

‘स्विस बॉल’ या नावाने ओळखला जाणारा व्यायामाचा मोठा चेंडू मुळात इटलीतला आहे. १९६३ मध्ये अक्विलिनो कोसानी या प्लास्टिक उत्पादकाने तो विकसित केला, पुढे स्वित्झर्लंडमधील फिजिओथेरपिस्ट तो उपचारांत वापरू लागले आणि तेथे तो पाहिलेल्या अमेरिकी उपचारकांनी त्याला त्या देशाचे नाव दिले, इटली मात्र बाजूलाच राहिली.

खुर्ची शरीराला आधार देते, तर चेंडू प्रत्येक हालचालीसरशी निसटू पाहतो, त्यामुळे ‘कोअर’, म्हणजे पोट, कंबर व ओटीपोटाभोवतीचे आणि कण्याला बिलगलेले स्नायू, यांना तोल सावरण्यासाठी सतत बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. चेंडूवर ताठ बसून एक पाऊल जमिनीपासून दोन बोटे उचलले की चेंडू बाजूला सरकू लागतो, पोट आपसूक आवळले जाते आणि टेकलेल्या पायाचा घोटा थरथरतो. अशा वेळी श्वास कोंडला जात असेल, तर पाऊल खाली टेकवलेले बरे.

बसल्यावर गुडघे साधारण काटकोनात यावेत, एवढा चेंडू योग्य समजला जातो; ५५, ६५ आणि ७५ सेंटिमीटर व्यासाचे चेंडू सर्रास मिळतात. जड वजने उचलण्यासाठी मात्र स्थिर जमीनच बरी, कारण डळमळत्या आधारावर स्नायूंना पूर्ण जोर लावता येत नाही.