एकशे साठावा क्रमांक

महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीत हजाराहून अधिक नावे असतात, आणि त्यांत एकशे साठावे स्थान मिळवणारी स्त्री आपल्या कलेत किती पारंगत असली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको. तथापि या खेळाचा आर्थिक व्यवहारच असा आहे की, पहिल्या शंभरांबाहेर राहिलेल्या खेळाडूची पुढल्या महिन्याच्या विमानभाड्याची विवंचना काही केल्या सुटत नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2013 च्या हंगामाचा हिशेब तपासला तेव्हा, प्रशिक्षकाचे वेतन खर्चात न धरता केवळ प्रवास, मुक्काम आणि भोजन एवढेच वजा जाता, ज्यांची तोंडमिळवणी झाली अशा स्त्रिया साऱ्या जगात 253 निघाल्या.

अहमदाबादेत 1993 साली जन्मलेली आणि किशोरवयात पुण्यास येऊन हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडलेली अंकिता रैना ही या वर्गाची प्रतिनिधी. 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत तिने एकेरीचे कांस्यपदक मिळवले. पुढल्या वर्षी चीनमधील आन्निंग येथे तिने अमेरिकन स्पर्धेची माजी विजेती समंथा स्टोसर हिला पराभूत केले. आणि मार्च 2020 मध्ये ती एकेरीच्या 160 व्या स्थानी पोहोचली, जे तिचे सर्वोच्च स्थान होय.

या स्थानापर्यंतची वाट लहान स्पर्धांतून जाते. पंधरा हजार डॉलरांची स्पर्धा म्हणजे तेवढी रक्कम साऱ्या खेळाडूंत मिळून वाटावयाची. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हाती त्यातून दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, आणि तेही करकपातीपूर्वी. मग खोलीचे भाडे दोघींनी वाटून घ्यावे, प्रशिक्षकास मायदेशीच ठेवावे, आणि दुहेरीची नोंदणी बंद होण्यापूर्वी कोणी जोडीदार मिळते का, हे पाहावे. त्यातही कठोर असा नियम क्रमवारीच्या गुणांचा: मिळवलेल्या गुणांची मुदत 52 आठवड्यांची असल्यामुळे, गतवर्षी जिंकलेल्या स्पर्धेचे गुण यंदा ठरल्या दिवशी खात्यातून वजा होतात, आणि आजारपण, दुखापत वा पैशांची चणचण यांपैकी कोणतीही सबब तेथे चालत नाही.

जानेवारी 2021 मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेची पात्रता फेरी करोनाच्या साथीमुळे दुबईत भरली होती. अंकिता त्या फेरीच्या अखेरच्या सामन्यापर्यंत पोहोचली, आणि ओल्गा डॅनिलोविचकडून तीन सेटांत हरली. मुख्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत पराभूत होणाऱ्या खेळाडूसही त्या वर्षी एक लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत होते. म्हणजे एका सेटाच्या अंतरावर तिचा कित्येक महिन्यांचा खर्च उभा होता! कोणी ऐनवेळी माघार घेतली तर आपली वर्णी लागेल, एवढ्या आशेवर ती मेलबर्नला गेली आणि तेथे विलगवासात राहिली. एकेरीत तिची वर्णी लागली नाही. दुहेरीत मात्र रुमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर प्रवेश मिळाला. त्या दोघी पहिल्या फेरीतच हरल्या, पण ती तेथेच थांबून फिलिप आयलंड चषकात उतरली आणि रशियाच्या कामिला राखिमोवासह दुहेरीत विजयी झाली. त्या विजयाने ती दुहेरीच्या पहिल्या शंभरांत आली. धीर हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मला तो या एका दौऱ्यासाठी राखून ठेवावासा वाटतो.

त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झासह ती किचेनोक भगिनींविरुद्ध खेळली. पहिला सेट 6-0 असा जिंकून आणि दुसऱ्यात 5-3 अशी आघाडी घेऊनही सामना हातचा गेला, आणि सामान्य वाचकाच्या स्मरणात बहुधा तेवढाच राहिला.

अशा खेळाडूंना सत्कारांपेक्षा अधिक गरज आहे ती घरच्या स्पर्धांची. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धेत भारतीय मुलीस परदेशचे विमानभाडे व व्हिसाची यातायात यांवाचून गुण मिळवता येतात. युरोपातील तिच्या समवयस्क मुलीस हीच सोय आगगाडीच्या प्रवासाइतक्या अंतरावर जवळजवळ दर आठवड्यास उपलब्ध असते. जिमखान्यासारख्या दहा संस्थांनी वर्षातून एकेक आठवडा एवढा भार उचलला, तर आज दोनशेव्या क्रमांकावर अडकलेली मुलगी किमान आपला प्रशिक्षक सोबत नेऊ शकेल.