विनोदी ऑपेरा : मध्यंतरातील करमणुकीपासून मुख्य रंगमंचापर्यंत

पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओळख करून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ऑपेरा हा प्रकार बहुधा गंभीर आणि अवघड वाटतो. परकी भाषा, प्राचीन काळातील राजे आणि देवता, तसेच तीन-तीन तास चालणारे प्रयोग ही त्याची कारणे होत. अशा विद्यार्थ्यांसाठी विनोदी ऑपेरा हे सोयीचे प्रवेशद्वार आहे. इटलीत ‘ऑपेरा बुफा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराने मोलकरीण, न्हावी, डॉक्टर आणि माळी अशा सामान्य माणसांना रंगमंचावर आणले. त्यातून अठराव्या शतकातील युरोपात मोठे वादही निर्माण झाले.

त्या शतकाच्या प्रारंभी इटलीत ‘ऑपेरा सेरिया’ म्हणजे गंभीर ऑपेराला प्रतिष्ठा होती. त्याचे नायक राजे किंवा सेनापती असत आणि एकट्याने गाइलेली दीर्घ गीते हे त्याचे मुख्य आकर्षण असे. अशा प्रयोगाच्या दोन अंकांमधील वेळेत प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी ‘इंटरमेझो’ नावाचा छोटा विनोदी प्रवेश सादर केला जाई. याच काळात नेपल्स शहरात स्थानिक बोलीतील विनोदी ऑपेराही लोकप्रिय होत होते.

जोव्हान्नी बाट्टिस्टा पेर्गोलेझी या तरुण संगीतकाराने १७३३ मध्ये नेपल्स येथे आपल्याच एका गंभीर ऑपेराच्या अंकांमध्ये ‘ला सेर्व्हा पाद्रोना’ हा इंटरमेझो सादर केला. ‘मालकीण झालेली मोलकरीण’ असा या नावाचा अर्थ आहे. त्यात तीनच पात्रे आहेत : वयस्क अविवाहित मालक उबेर्तो, त्याची मोलकरीण सेर्पिना आणि एकही शब्द न बोलणारा नोकर व्हेस्पोने. सेर्पिना व्हेस्पोनेला लष्करी कप्तानाचा वेश देऊन आपला भावी पती म्हणून उभे करते आणि अखेर मालकालाच विवाहास राजी करते. पेर्गोलेझीचे १७३६ मध्ये वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी निधन झाले. ज्या मुख्य ऑपेरासाठी हा प्रवेश रचला गेला, तो आज क्वचितच ऐकायला मिळतो. मध्यंतरातील ही छोटी रचना मात्र आजही रंगमंचावर येते.

एका इटालियन मंडळीने १७५२ मध्ये पॅरिस येथे या रचनेचे प्रयोग केले, तेव्हा फ्रान्समधील विचारवंतांत दोन तट पडले. एका पक्षाला फ्रेंच दरबारी ऑपेराचा अभिमान होता, तर दुसऱ्याला इटालियन संगीतातील साधेपणा आणि सहजता अधिक मोलाची वाटत होती. तत्त्वज्ञ झां-झाक रूसो हे दुसऱ्या पक्षाचे प्रमुख समर्थक होते. सुमारे दोन वर्षे पत्रके आणि प्रतिपत्रके निघत राहिली. वादाचे निमित्त संगीताचे असले, तरी रंगमंचावर कोणाचे जीवन दाखवावे हा प्रश्नही त्यामागे होता.

हा प्रश्न पुढे वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट यांच्या ‘ले नोत्से दि फिगारो’ अर्थात ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेरात अधिक तीव्रपणे समोर आला. फ्रेंच नाटककार बोमार्शे यांच्या नाटकावर तो आधारलेला आहे. उमराव आल्माव्हिवा याची नजर आपला सेवक फिगारो याच्या वाग्दत्त वधूवर असते आणि सेवकमंडळी युक्तीने त्याचा बेत हाणून पाडतात, असे हे कथानक. मूळ नाटक फ्रान्समध्ये काही वर्षे अडवून ठेवण्यात आले होते, तर व्हिएन्नामध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने त्याच्या जर्मन प्रयोगास मनाई केली होती. लेखक लोरेन्झो दा पोन्ते यांनी सरदारवर्गावरील उघड टीका वगळून संहिता तयार केली आणि १ मे १७८६ रोजी व्हिएन्नामध्ये पहिला प्रयोग झाला. फ्रेंच राज्यक्रांतीला तेव्हा तीन वर्षे अवकाश होता.

शब्दांतून वगळलेला आशय संगीतात मात्र उरला. दुसऱ्या अंकाचा शेवट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे वीस मिनिटे अखंड चालणारा हा भाग उमराव आणि त्याची पत्नी यांच्या भांडणाने सुरू होतो आणि एकेक पात्र येत जाऊन सात जणांच्या एकत्र गायनाने संपतो. गद्य नाटकात सात माणसे एकाच वेळी बोलू लागली तर केवळ गोंगाट होईल; येथे प्रत्येकाचा राग, भीती किंवा आनंद स्वतंत्रपणे ऐकू येतो. मालक आणि सेवक यांना संगीतात सारखाच वाटा मिळतो. ऑपेराच्या अखेरीस उमराव पत्नीची गुडघे टेकून क्षमा मागतो.

फिगारोच्या पूर्वायुष्यावरील ‘सेव्हिलचा न्हावी’ हा जोआकिनो रोस्सिनी यांचा ऑपेरा २० फेब्रुवारी १८१६ रोजी रोम येथे प्रथम सादर झाला. याच कथानकावर ज्येष्ठ संगीतकार पाइझिएल्लो यांची रचना आधीच लोकप्रिय होती. रोस्सिनी यांच्या पहिल्या प्रयोगाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढील प्रयोगापासून मात्र त्याला यश मिळाले.

इतर देशांनी हा प्रकार आपापल्या पद्धतीने घडवला. इटालियन विनोदी ऑपेरात संवादही बोलण्याच्या लयीत गायिले जातात. फ्रान्समधील ‘ऑपेरा कॉमिक’ आणि जर्मन ‘झिंगश्पील’ यांत मात्र, मराठी संगीत नाटकाप्रमाणे, गीतांच्या मध्ये गद्य संवाद असतात. नावावरून गैरसमज होऊ नये म्हणून एक बाब ध्यानात ठेवावी : १८७५ मध्ये सादर झालेला बिझे यांचा ‘कार्मेन’ हा ‘ऑपेरा कॉमिक’ असूनही त्याचा शेवट शोकात्म आहे.

अभ्यासाची सुरुवात ‘ला सेर्व्हा पाद्रोना’पासून करणे इष्ट ठरेल, कारण ती रचना सुमारे पाऊण तासात संपते. त्यानंतर ‘फिगारोचे लग्न’मधील दुसऱ्या अंकाचा शेवट कथानक आधी वाचून ऐकावा. प्रथम एकाच पात्राच्या आवाजाचा मागोवा घ्यावा, पुन्हा ऐकताना दुसऱ्याच्या. भाषा अपरिचित असली तरी कोण कोणाला फसवत आहे, हे दोन-तीन वेळा ऐकल्यावर कानांनाच उमगू लागते.