‘सांभाळ’ या आज्ञेचा अर्थ : विमान उतरविण्याच्या प्रशिक्षणातील एक भाषिक प्रश्न

शिकाऊ वैमानिकाच्या हातून घडणारे अपघात बऱ्याच अंशी विमान उतरविताना घडतात. त्यांचा विचार यंत्राच्या व हवेच्या अंगाने पुष्कळ झालेला आहे. परंतु या प्रसंगाला एक भाषिक अंगही आहे. ते स्पष्ट करावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रथम प्रसंग समजून घेऊ. सेसना १५२ हे प्रशिक्षणासाठी अनेक देशांत वापरले गेलेले दोन आसनांचे हलके विमान. शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात. दोघांपुढील सुकाणूचक्रे परस्परांस जोडलेली असल्याने एक हलविले की दुसरेही हलते. विमान ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. जमीन काही मीटरांवर आली की नाक हळूहळू वर घ्यावयाचे असते. तेणेकरून वेग ओसरतो व मागील दोन चाके प्रथम टेकतात. वेग अधिक आणि नाक खाली राहिले, तर पुढचे चाक आधी आपटून विमान उसळते. गोंधळलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो. पण तोवर विमान आपणहूनच खाली वळू लागलेले असते. साहजिकच दुसरी उसळी पहिलीहून मोठी होते, आणि अशा दोन-तीन उसळ्यांत पुढचे चाक मोडते किंवा पंखा जमिनीस लागतो. इंजिनास पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे, हाच येथे खात्रीचा मार्ग. तो निवडण्यास अवधी मिळतो अवघ्या काही सेकंदांचा.

या अवधीत शिक्षक ‘अरे, सांभाळ!’ असे ओरडला, अशी कल्पना करू. ‘सांभाळ’ म्हणजे ‘सावध हो’, आणि ‘सांभाळ’ म्हणजे ‘तूच निभावून ने’ असेही. पहिला अर्थ घेणारा विद्यार्थी शिक्षकाच्या हाताची वाट पाहील. दुसरा अर्थ घेणारा चक्र अधिकच घट्ट धरील. ‘सोड’ म्हटले तरी काय सोडावयाचे, हे अध्याहृतच राहते. इंग्रजीही या दोषातून मुक्त नाही. ‘टेकऑफ पॉवर’ हे शब्द एक संज्ञा म्हणून ऐकले तर उड्डाणाची पूर्ण शक्ती द्यावयाची. ‘टेक ऑफ’ हे क्रियापद मानले तर शक्ती काढून घ्यावयाची! भेद केवळ आघाताचा व किंचित विरामाचा. इंजिनाच्या आवाजात तो कितपत टिकणार?

म्हणूनच ताबा बदलण्याची वाक्ये ठरवून दिलेली असतात. शिक्षक ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणतो. विद्यार्थी हात काढून ‘यू हॅव कंट्रोल’ असे उत्तर देतो. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने तर त्रिपदी देवाणघेवाण सुचविली आहे : देणारा म्हणतो, घेणारा म्हणतो, देणारा पुन्हा म्हणतो, शिवाय डोळ्यांनीही खात्री करून घ्यावयाची. व्याकरणदृष्ट्या ही साधी विधाने होत. वस्तुतः ती कृती आहेत. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने निघालेल्या व्याख्यानांत अशा उच्चारांचे विवेचन केले आहे. पैज एकट्याने लागत नाही, समोरच्याने ती स्वीकारावी लागते. तद्वत हा ताबाही प्रत्युत्तराशिवाय पुरता हस्तांतरित होत नाही. प्रत्युत्तर राहून गेले, तर एकाच विमानावर दोघांचे हात पडतात, किंवा कोणाचाच राहत नाही.

साहित्यात पर्यायी शब्दांची विपुलता हा गुण ठरतो. येथे तोच दोष होय. जमिनीवर शिकविताना मराठीतून कितीही विस्ताराने समजावून द्यावे, आणि ते द्यावेच. परंतु विमानात ठरलेले वाक्य बदलू नये. एके दिवशी विद्यार्थी एकटाच उड्डाण करतो, शेजारचे आसन रिकामे असते, आणि तेथे ताबा घेणारा कोणी नसतो. विमान उसळताच ‘गो अराउंड’ ही आज्ञा त्याने स्वतःच स्वतःस द्यावयाची असते. ती त्या क्षणी निःसंदिग्धपणे आठवावी, याची तजवीज शिक्षकाने पूर्वीच आपल्या भाषेने केलेली असली पाहिजे.