बॅलेरिनाचं शरीर आणि गुलाबी बूट

बॅलेला ‘योग्य शरीर’ लागतं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. माझ्या मते ही बरीचशी सबब आहे. मिस्टी कोपलँड बॅलेकडे वळली 13व्या वर्षी, म्हणजे या क्षेत्राच्या हिशेबात फारच उशिरा. तरी 2015 मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय महिला प्रिन्सिपल डान्सर झाली. अडचण शरीरात कमी, व्यवस्थेत जास्त असते. पॉइंट शूजच, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे बूट बघा. पायाची रेष अखंड दिसावी म्हणून बूट कातडीच्या रंगाशी मिळते हवेत, पण बाजारात असायचे फिकट गुलाबी. मग सावळ्या नर्तकी साटिनवर मेकअपचं फाउंडेशन थापत बसायच्या. लंडनच्या फ्रीड या बूट बनवणाऱ्या कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या नृत्यसंस्थेसोबत तपकिरी छटांचे बूट आणले, तेही थेट 2018 मध्ये!

कोणी म्हणेल, एका अपवादावरून नियम ठरत नाही. खरंय; सांधे कोवळ्या वयात वळवले की फायदा होतोच. पण कोपलँडची सुरुवात बास्केटबॉल कोर्टवरच्या मोफत वर्गात झाली, हे विसरू नये; खरा प्रश्न संधीचा आहे. मुंबईचा अमिरुद्दीन शाह रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला, तोही येहुदा माओर यांच्यासारखा गुरू भेटल्यावर. आमच्या चंडीगडात टागोर थिएटर आहे, प्राचीन कला केंद्रामुळे कथकच्या परीक्षांची सवय आहे. मंच आणि शिस्त आहेच, पण बॅलेला माओर यांच्यासारखा वर्षानुवर्षं टिकणारा शिक्षक हवा. ‘हे आपल्या मातीतलं नाही’ हा आक्षेप तर फारच तकलादू. कथक नर्तकी मादाम मेनका 1930च्या दशकात कथकवर बेतलेले बॅले घेऊन युरोपभर फिरल्या आणि त्यांनी नृत्यशाळा काढली ती आपल्या खंडाळ्यात.