रंगाखालचा गंज

१४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईच्या सीएसएमटी स्थानकाबाहेरच्या पोलादी पादचारी पुलाचा स्लॅब कोसळला. घरी निघालेली माणसे दगावली. त्याहून मोठा धक्का पुढच्या बातमीने बसला. आदल्याच वर्षी तपासणी होऊन, किरकोळ दुरुस्ती सुचवून, तो पूल वापरास योग्य ठरवला गेला होता.

पोलाद एका दिवसात थकत नाही. जिथे पाणी साचते त्या सांध्याला गंज धरतो आणि लोखंड आतून पातळ होत जाते. रोजच्या वर्दळीने केसाएवढी चीर हळूहळू वाढते. वरचा रंग मात्र ताजा दिसतो. म्हणून नुसती नजर पुरत नाही. रंग खरवडावा लागतो, हातोडीने ठोकून पाहावे लागते, अल्ट्रासोनिक यंत्राने उरलेली जाडी मोजून मूळ जाडीशी ताडावी लागते.

तपासणीच्या कागदावरची सही म्हणजे शहादत आहे, असे आम्ही मानतो. न पाहता दिलेली ग्वाही ही खोटी साक्षच. लोकांचे प्राण ही अमानत आहे.

आपल्या इमारतींतही लोखंडी तुळया, जिने आणि स्लॅबच्या सळया असतातच. मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. पण सोसायटीच्या बैठकीत आपण विचारतो, ‘स्वस्तात सर्टिफिकेट कोण देईल?’ त्याऐवजी विचारू या, ‘कुठे खरवडून पाहिले? किती लोखंड उरले?’ उत्तर मिळेपर्यंत आपणही सही करू नये.